अळवावरचे पाणी आणि गाडीचा बंपर

जे टिकत नाही, हात लावण्याआधीच घरंगळून जाते, त्याला आपण 'अळवावरचे पाणी' म्हणतो. नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने जाताना तुम्हांला असेच दुसरे एक अळवावरचे पाणी दिसेल. समोरच्या एखाद्या गाडीच्या बंपरवरील रंगाचे पापुद्रे सुटलेले असतात आणि खालून काळे प्लॅस्टिक डोकावत असते. त्याच गाडीच्या दारावरचा, बॉनेटवरचा रंग मात्र शाबूत असतो. ऊन तेच, पाऊस तोच, पुसण्याचे फडकेही तेच. मग एकाच गाडीवर रंगाची अशी दोन तऱ्हांची वागणूक का?

नाशिकच्या मुलामुलींना हा प्रश्न पडायलाच हवा, कारण हे मोटारींचे गाव आहे. २००० साली बाजारात आलेली बोलेरो आणि २००२ सालची स्कॉर्पिओ या महिंद्रच्या गाड्या नाशिकच्या कारखान्यात तयार झाल्या. सातपूर आणि अंबडच्या वसाहतींत मोटारींचे सुटे भाग बनतात, आणि शहरात जागोजागी डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजे आहेत. जुन्या अँबॅसडरचा किंवा प्रीमियर पद्मिनीचा बंपर पोलादाचा असे व त्यावर क्रोमचा मुलामा असे. आता बंपर, चाकांवरच्या काळ्या कडा, आरशांची टोपणे, दारांवरच्या पट्ट्या हे सारे बहुधा प्लॅस्टिकचे असते. प्लॅस्टिक हलके असते, गंजत नाही आणि लहानसा धक्का बसला तर वाकून पुन्हा मूळ आकारात येते.

या काळ्या भागांना गाडीचाच रंग द्यावा, किंवा पांढऱ्या गाडीचे आरसे मुद्दाम काळे करून घ्यावेत, अशी पुष्कळांना हौस असते. रंगारी पत्र्यावर वापरतो तोच रंग प्लॅस्टिकवर मारतो. चार दिवस गाडी झकास दिसते. मग एक-दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटू लागतात. मालक रंगाऱ्याला दोष देतो, रंगारी रंगाच्या कंपनीला. खरा दोष बहुधा तिसऱ्याच ठिकाणी असतो. रंग आणि प्लॅस्टिक जेथे एकमेकांना भेटतात त्या न दिसणाऱ्या सीमेवर काय घडते, ते आज आपण पाहू.

थेंब काय सांगतो?

एक सोपा प्रयोग करा. स्वच्छ धुतलेली काच, स्टीलचे ताट, प्लॅस्टिकच्या डब्याचे झाकण आणि अळूचे पान अशा चार वस्तू शेजारी शेजारी ठेवा. झाकण निवडताना त्यावर त्रिकोणात ५ हा आकडा आहे ना, ते पहा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. आता ड्रॉपरने प्रत्येकावर पाण्याचा एक थेंब सोडा आणि डोळे वस्तूच्या पातळीला आणून बाजूने पहा.

काचेवर थेंब पसरून जवळजवळ सपाट होतो. स्टीलवर तो थोडा फुगीर राहतो. झाकणावर तो अर्ध्या गोळ्यासारखा उभा राहतो, तर अळूच्या पानावर पाऱ्यासारखा गोल होऊन पळू लागतो.

पाण्याच्या रेणूंचे एकमेकांवर आकर्षण असते. त्याला संसंजन म्हणतात. पाण्याचे रेणू आणि खालचा पृष्ठभाग यांच्यातील आकर्षणाला आसंजन म्हणतात. थेंबाचा आकार म्हणजे या दोघांच्या रस्सीखेचीचा निकाल होय. आसंजन बलवान असेल तर थेंब पसरतो. संसंजन बलवान असेल तर थेंब स्वतःला आवळून घेतो. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्याला स्पर्शकोन म्हणतात. टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०५ साली या कोनाचा आणि पृष्ठताणाचा संबंध मांडला. अगदी स्वच्छ काचेवर पाण्याचा स्पर्शकोन शून्याच्या जवळ असतो, पॉलिप्रॉपिलीनवर सुमारे १०० अंश, तर अळूच्या पानावर १५० अंशांहूनही अधिक.

हा कोन कळला की थेंब पृष्ठभागापासून ओढून काढायला किती कार्य करावे लागेल, तेही काढता येते. त्याचे सूत्र असे:

कार्य = पृष्ठताण × (१ + कोसाइन स्पर्शकोन)

२० अंश सेल्सिअसला पाण्याचा पृष्ठताण ७२.८ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. काचेसाठी कोन शून्य धरला तर कोसाइन १ आणि उत्तर सुमारे १४६ मिलिजूल प्रति चौरस मीटर. पॉलिप्रॉपिलीनसाठी कोन १०० अंश, कोसाइन उणे ०.१७ आणि उत्तर सुमारे ६०. म्हणजे काचेच्या निम्म्याहूनही कमी.

घट्ट झालेले मेण

पॉलिप्रॉपिलीन एवढे अलिप्त का? इटलीतील जुलिओ नाट्टा यांनी १९५४ साली सुबक रचनेचे पॉलिप्रॉपिलीन तयार केले आणि १९६३ साली कार्ल त्सीग्लर यांच्यासह त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एकाच घडणीचे हजारो दुवे जोडून झालेली ही लांबच लांब साखळी आहे आणि तिच्यात फक्त दोनच मूलद्रव्ये आहेत, कार्बन व हायड्रोजन. पाण्याच्या रेणूला एक धन व एक ऋण अशी टोके असतात, म्हणून तो ध्रुवीय म्हटला जातो. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीला अशी टोके नाहीत. दुसऱ्या रेणूला पकडण्यासाठी तिच्याकडे जणू हातच नाहीत.

मेणबत्तीचे मेणही कार्बन व हायड्रोजन यांचेच असते. तेव्हा पॉलिप्रॉपिलीन म्हणजे एका अर्थी घट्ट झालेले मेणच. अळूच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो, आणि निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या मण्यांवर जो पांढरट थर दिसतो तोही मेणाचाच. म्हणूनच द्राक्षबागायतदार फवारणीच्या पाण्यात 'स्प्रेडर' मिसळतात. तो पाण्याचा पृष्ठताण कमी करतो आणि थेंब मण्यावरून न ओघळता पसरतो. तुमच्या झाकणावरच्या थेंबात साबणाच्या पाण्यात बुडवलेली काडी टेकवून पहा. थेंब क्षणात बसका होईल.

द्रवाच्या पृष्ठताणाप्रमाणेच घन पदार्थालाही पृष्ठऊर्जा असते. पॉलिप्रॉपिलीनची सुमारे ३०, गाडीच्या इतर भागांत वापरल्या जाणाऱ्या एबीएस प्लॅस्टिकची सुमारे ४०, तव्यावरच्या टेफ्लॉनची सुमारे २० मिलिजूल प्रति चौरस मीटर. स्वच्छ धातूची मात्र अनेक शेकड्यांत असते. द्रवाचा पृष्ठताण घनाच्या पृष्ठऊर्जेहून कमी असेल तर तो चांगला पसरतो, हा ढोबळ नियम ध्यानात ठेवा.

पसरणे वेगळे, चिकटणे वेगळे

येथे एखादा चाणाक्ष वाचक विचारील, "थिनर घातलेल्या रंगाचा पृष्ठताण पाण्यापेक्षा पुष्कळच कमी असतो. मग तो पॉलिप्रॉपिलीनवर पसरायला हवा!" बरोबर आहे, आणि तो पसरतोही. म्हणूनच तर रंगारी फसतो. गनमधून रंग एकसारखा बसतो, चमकतो, आणि काम फत्ते झाले असे वाटते.

पसरणे आणि चिकटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाहण्यासाठी घरातील नेलपॉलिश घ्या. त्याचा एक पट्टा ५ आकड्याच्या झाकणावर लावा आणि दुसरा कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या जुन्या फूटपट्टीवर. दोन्हीकडे ते छान पसरेल. एक दिवस वाळू द्या. मग नखाने कड उचला. झाकणावरचा पट्टा बहुधा अखंड पापुद्र्यासारखा निघून येईल. फूटपट्टीवरचा खरवडूनही सहज निघणार नाही.

फूटपट्टीचे प्लॅस्टिक नेलपॉलिशमधील द्रावकात थोडे विरघळते. तिचा वरचा थर मऊ होतो, रंगाचे रेणू त्यात शिरतात, आणि द्रावक उडून गेल्यावर दोघांच्या साखळ्या वेणीसारख्या गुंतून बसतात. एबीएसच्या आरशावर रंग चांगला धरतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे. पॉलिप्रॉपिलीन मात्र नेहमीच्या थिनरला दाद देत नाही. त्याचा मोठा भाग स्फटिकासारखा घट्ट रचलेला असतो. तेथे रंगाला शिरायला वाट नाही आणि वर पकडायला हात नाहीत. रंग नुसता टेकून बसतो. दगडाचा एक टवका उडाला, त्या कडेने पाणी आत शिरले, की पापुद्रा सुटायला सुरुवात होते.

"मग पॉलिश पेपरने घासून खडबडीत करा," असे कोणी म्हणेल. घासल्याने संपर्काचे क्षेत्रफळ वाढते, सैल थर निघतो आणि थोडी पकडही मिळते. पण रेणूंचा स्वभाव बदलत नाही. अळूचे पान सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर ते गुळगुळीत नसून बारीक उंचवट्यांनी भरलेले दिसते, आणि या खडबडीतपणामुळेच पाणी तेथे अधिक दूर ढकलले जाते. तेव्हा खडबडीतपणा मूळ स्वभाव वाढवतो, उलटा करीत नाही. शिवाय पॉलिप्रॉपिलीन फार घासले तर त्यावर बारीक तुसे उभी राहतात आणि ती रंगातून वर दिसतात.

कल्हईवाल्याची युक्ती

पृष्ठभागाचा स्वभाव बदलण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. नाशिक तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्या भांड्यांना कल्हई करताना कारागीर भांडे तापवून त्यात नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो, आणि मग कथलाची कांडी टेकवून कापसाने झरझर फिरवताच भांडे चांदीसारखे उजळते. कथील २३२ अंशांना वितळते. पण नवसागराशिवाय तेच वितळलेले कथील भांड्यात गोळ्या होऊन फिरत राहील. तापवल्यावर नवसागरातून हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि तो तांब्यावरील ऑक्साइडचा थर काढून टाकतो. खाली उघडा, स्वच्छ धातू मिळाला की कथील त्याला धरते.

गाडीच्या पोलादी सांगाड्याचेही असेच आहे. कारखान्यात तो धुऊन, फॉस्फेटची प्रक्रिया करून, विजेच्या साहाय्याने प्रायमरच्या हौदात बुडवला जातो आणि मोठ्या भट्टीत भाजला जातो. प्लॅस्टिकला हे चालत नाही. ते विजेचे वाहक नाही, आणि पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळते व त्याच्या बरेच आधी मऊ पडून वाकते. म्हणून बंपर वेगळा रंगवून सुमारे ८० अंशांना सुकवतात.

ज्योत आणि दुभाष्या

पॉलिप्रॉपिलीनला 'हात' देण्याच्या दोन रीती आहेत.

पहिली कारखान्यातली. भरपूर हवा मिळणारी निळी ज्योत बंपरवरून क्षणभरच फिरवतात. प्लॅस्टिक वितळण्याआधी ज्योत पुढे गेलेली असते. पण तेवढ्या वेळात वरच्या काही नॅनोमीटर थरातील साखळ्यांना ऑक्सिजनचे गट जोडले जातात. हे गट ध्रुवीय असतात आणि रंगाचे रेणू त्यांना धरतात. पृष्ठऊर्जा ३० वरून ४० च्या पुढे जाते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा थरावर साऱ्या रंगाचे भवितव्य ठरते! हा परिणाम हळूहळू ओसरतो, म्हणून रंग लवकर द्यावा लागतो. ज्योतीचा हा प्रयोग घरी करू नका. प्लॅस्टिक पेटते, आणि जवळ थिनर असेल तर अनर्थ होतो.

दुसरी रीत गॅरेजला परवडणारी. 'अॅढीजन प्रमोटर' नावाचा पारदर्शक द्रव प्रायमरच्या आधी पातळसा फवारतात. पुष्कळदा त्यात पॉलिप्रॉपिलीनसारखीच, पण क्लोरीन जोडलेली साखळी असते. तिचा कार्बन-हायड्रोजनचा भाग प्लॅस्टिकच्या वरच्या थरात मिसळतो आणि क्लोरीनचा ध्रुवीय भाग रंगाला धरतो. दोन अनोळखी माणसांमध्ये दोघांचीही भाषा जाणणारा दुभाष्या उभा करावा, तसे हे काम आहे. तो दुभाष्या पातळच हवा. जाड थर दिला तर तो स्वतःच मधून फाटतो.

कामाचा क्रम आणि त्याची कारणे

१. आधी प्लॅस्टिक ओळखावे. बंपरच्या आतल्या बाजूला अक्षरे कोरलेली असतात. पीपी असेल तर पॉलिप्रॉपिलीन, त्यापुढे ईपीडीएम असेल तर त्यात रबर मिसळलेले आहे. अशा प्लॅस्टिकला दुभाष्या हवाच. एबीएस असेल तर तो बहुधा लागत नाही.

२. घासण्याआधी धुवावे. साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, मग मेण व तेल काढणाऱ्या द्रवाने पुसावे. आधी घासले तर तेल ओरखड्यांत दाबले जाते. गाडी चमकवण्याच्या पॉलिशमध्ये सिलिकोन असते. त्याचा पृष्ठताण जेमतेम २१ असल्याने रंग त्याच्यापासून दूर पळतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

३. पांढरा पडलेला थर काढावा. उन्हातील अतिनील किरण आणि हवेतील ऑक्सिजन मिळून वरच्या साखळ्या तोडतात आणि काळे प्लॅस्टिक राखाडी, भुकटीसारखे होते. पोपडे धरलेल्या भिंतीवर चुना दिला तर तो चुना पोपड्यासकट पडतो. येथेही तेच होते.

४. कोरड्या फडक्याने खसाखसा पुसू नये. घर्षणाने प्लॅस्टिकवर विद्युतभार येतो आणि पुसलेली धूळ पुन्हा ओढली जाते. किंचित ओलसर फडके वापरावे.

५. प्रमोटर, प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर हे पातळ थरांत, डब्यावर सांगितलेले अंतर सांभाळून द्यावेत. खालच्या थरातील द्रावक अडकून राहिले तर पुढे फोड येतात.

थंडी, ऊन आणि ताण

आता थोडे गणित. पोलादाचा रेषीय प्रसरणांक अंशाला १२ × १०⁻⁶ आणि शुद्ध पॉलिप्रॉपिलीनचा सुमारे १०० × १०⁻⁶ आहे. नाशिकच्या डिसेंबरातील पहाटेचे ८ अंश आणि एप्रिलच्या दुपारी उन्हात तापलेल्या गडद बंपरचे ६८ अंश धरले, तर फरक ६० अंशांचा. दीड मीटर लांबीच्या पोलादी पट्टीत १.०८ मिलिमीटर फरक पडेल, तर पॉलिप्रॉपिलीनच्या पट्टीत ९ मिलिमीटर! बंपरच्या प्लॅस्टिकमध्ये शंखजिऱ्याची पूड मिसळून हे प्रसरण कमी करतात, तरी ते पोलादापेक्षा कितीतरी अधिकच राहते. त्यावरील रंगाचे सगळे थर मिळून साधारण एका जाड केसाएवढे असतात. त्यांना ही रोजची ओढाताण सोसावी लागते. म्हणून बंपरच्या रंगात लवचिकपणा आणणारे द्रव्य घालतात. पत्र्यासाठी योग्य असलेला कडक थर येथे तडकतो, आणि तडकलेल्या फटीतून पाणी त्या दुबळ्या सीमेपर्यंत पोचते.

पंचवीस चौकोनांची परीक्षा

रंग खरोखर धरला की नाही, हे कसे कळावे? जगभर वापरली जाणारी एक परीक्षा फार सोपी आहे. वाळलेल्या रंगावर धारदार पात्याने सहा उभे व सहा आडवे छेद देतात. पंचवीस लहान चौकोन तयार होतात. त्यांवर चिकटपट्टी दाबून बसवतात आणि ओढून काढतात. एकही चौकोन निघाला नाही तर शून्य गुण. शून्य म्हणजे येथे उत्तम! सगळ्यांत वाईट रंगाला पाच. शहाणा रंगारी ही परीक्षा आधी बंपरच्या टाकाऊ तुकड्यावर करतो. एका तुकड्याची किंमत किती आणि पूर्ण बंपर पुन्हा घासून रंगवण्याची किती, याचा हिशेब तुम्हीच करा.

आणखी एक गोष्ट पैशांपेक्षा मोलाची आहे. दोन घटक मिसळून होणाऱ्या रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. त्यांचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा तो जडला की पुढे अगदी थोड्या वाफेनेही त्रास होतो. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडी अडवतो, वाफ अडवीत नाही. त्यासाठी योग्य मुखवटा आणि वारा खेळती ठेवणारी जागा हवी. गॅरेजमध्ये तुमच्याच वयाचा एखादा मदतनीस मुलगा रुमाल बांधून फवाऱ्याजवळ उभा असेल, तर त्याला हे जरूर सांगा. आणि गनने रंग उडत असताना कुतूहलाने जवळ जाऊन उभे राहू नका.

रंग चांगला की वाईट हे डब्यावरून ठरवण्याची आपल्याला सवय असते. पण डबा उघडण्याआधीच निम्मे काम झालेले असावे लागते. पृष्ठभाग कोणता, तो स्वच्छ आहे का, आणि त्याला रंग धरायला हात आहेत का, हे तीन प्रश्न जो विचारतो त्याचा रंग टिकतो. मग तो बंपर रंगवीत असो, कल्हई करीत असो की द्राक्षावर फवारणी करीत असो.

विचार करा

१. दुधाच्या प्लॅस्टिक पिशवीवर शाईच्या पेनने लिहिता येत नाही, पण छापलेली अक्षरे टिकतात. छापण्यापूर्वी पिशवीच्या पृष्ठभागावर काय केले असावे?

२. शुद्ध पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९ आणि एबीएसची सुमारे १.०५ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आहे. पाण्याच्या बादलीने दोन्ही कसे ओळखाल? शंखजिरे मिसळलेल्या बंपरच्या तुकड्याच्या बाबतीत ही युक्ती का फसू शकेल?

३. टेफ्लॉनला काहीच चिकटत नाही. मग टेफ्लॉन तव्याला कसा चिकटवत असतील?